कोयत्याच्या वहीत तिचे नाव कुठे?

दसरा उलटला की बालाघाटाच्या रांगेतील गावे रिकामी होऊ लागतात. लातूर जिल्ह्यातील अहमदपूर आणि जळकोट, नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा आणि मुखेड या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे निघतात. त्यांत भांडीकुंडी असतात, धान्याची पोती असतात, शेळ्या-कोंबड्या असतात, शाळा अर्ध्यावर सोडून निघालेली मुले असतात आणि त्यांच्या आया असतात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसे उसाच्या फडात राबतात, पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत झोपतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे घरी परततात. मराठवाड्याला हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्याकडे थांबून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

या प्रवासाचा व्यवहार मात्र त्याआधीच, पावसाळ्यात ठरलेला असतो. मुकादम मजुरांना उचल देतो आणि ती उचल पुढे ऊस तोडून फेडायची असते. या व्यवहाराचे एकक ‘कोयता’ हे आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यामागे, मजुरीचा दर टनामागे आणि हिशेब जोडीचा. एकटा मजूर आला तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे लागते, सही किंवा अंगठा त्याचाच उठतो आणि पैसेही त्याच्याच हाती पडतात. बायको पहाटे अंधारात उठते, भाकरी थापते, फडात जाते, पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. त्यानंतर पाणी, सरपण, मुले आणि पुन्हा भाकरी. एवढे करूनही तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कोठेही लिहिला जात नाही.

आठ मार्च आला की कष्टकरी स्त्रियांच्या हक्कांविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. त्या हक्कांचा इतिहास तपासला तर एक गोष्ट वारंवार समोर येते. कायदा, मजुरी, रजा, भरपाई या सगळ्यांच्या आधी नोंद येते. स्त्री कामगार आहे, हे कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवावे लागते. ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि लिहिणाऱ्याच्या हातात कधीतरी ती स्वतः होती का, यावर पुढचे बरेच काही ठरते.

गिरणगावातील पहिली नोंद

आज मराठवाड्यातील माणसे उसाकडे जातात, तशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातील आणि घाटावरील माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांकडे जात होती. रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतील कुटुंबे परळ, लालबागच्या चाळींत येऊन वसली. त्यांत स्त्रियाही होत्या. गिरणीतील वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याची खाती, ही बव्हंशी बायकांची. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्री-मुकादमाला ‘नायकीण’ म्हणत.

या कामगारांची दखल घेणारे पत्र होते ‘दीनबंधु’. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी ते १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणले. लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे आतले जग त्यांना ठाऊक होते. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. आज त्या साध्या वाटतात. त्या काळी गिरणीचा भोंगा सूर्याबरोबर सुरू होई आणि सूर्याबरोबरच थांबे.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. पाठोपाठ आलेल्या १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास दिवसाला अकरापर्यंत मर्यादित केले आणि त्यात दीड तासाची विश्रांती बंधनकारक केली. आपण आज रविवारी घरी बसतो, त्यामागे या घडामोडी आहेत. मात्र त्या सभेत बोललेल्या दोघींचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा ‘दोन स्त्री कामगार’ एवढाच येतो. त्या सभेला आल्या, बोलल्या आणि गर्दीत परत गेल्या. वृत्तपत्र त्यांच्या बाजूचे होते. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती.

ही लेखणी पुढे एका स्त्रीच्या हातीही आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. त्यानंतर वासुदेव बिर्जे यांनी बडोद्याची ग्रंथपालाची नोकरी सोडून ‘दीनबंधु’ चालवायला घेतला. १९०६ मध्ये त्यांचेही निधन झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी संपादकपदाची जबाबदारी स्वीकारली आणि सुमारे सहा वर्षे ती पेलली. जोतीराव फुले यांच्या सहवासातील कुटुंबात वाढलेल्या आणि सत्यशोधकांच्या शाळेत शिकलेल्या तानूबाई भारतातील पहिल्या स्त्री-संपादकांपैकी एक मानल्या जातात. ‘दीनबंधु’ची भूमिका समाजवादी नव्हती. ती सत्यशोधकी होती. जातीची उतरंड आणि शिक्षणाचा अभाव ही तिला दुःखाची मुळे वाटत. पण कष्टकऱ्याचा प्रश्न वृत्तपत्राचा मुख्य विषय असू शकतो आणि ते वृत्तपत्र एक स्त्री चालवू शकते, या दोन्ही गोष्टी मराठीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाल्या होत्या.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये

तानूबाई ‘दीनबंधु’ सांभाळत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक प्रयोग चालू होता. तेथे स्थलांतरित कामगार स्त्रीच लेखिका झाली होती.

थेरेसा सर्बर मॅल्किएल हे तिचे नाव. जन्म १८७४ चा, रशियन साम्राज्यातील बार या गावी, जे आज युक्रेनमध्ये आहे. १८९१ मध्ये तिचे ज्यू कुटुंब अमेरिकेत आले आणि ती न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यात कामाला लागली. तेथे तिने बायकांची संघटना उभी केली, पुढे समाजवादी पक्षात काम केले आणि त्या पक्षाच्या वृत्तपत्रांतून कामगार स्त्रियांविषयी सातत्याने लिहिले. २८ फेब्रुवारी १९०९ रोजी अमेरिकन समाजवादी पक्षाने पहिला राष्ट्रीय महिला दिन पाळला, त्यामागे तिचा पुढाकार होता. पुढच्या वर्षी कोपनहेगन येथील परिषदेत क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय महिला दिनाचा ठराव मांडला. आजच्या आठ मार्चचा उगम असा कामगार चळवळीत आहे.

नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लाउज शिवणाऱ्या मुलींनी संप पुकारला. २२ नोव्हेंबरच्या सभेत पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना क्लारा लेमलिच ही तरुण कामगार उठली आणि यिडिश भाषेत तिने सरळ सार्वत्रिक संपाची सूचना मांडली. ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणून हा संप ओळखला जातो. संपकऱ्यांत ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुलींचा भरणा होता. त्यांची भाषा वेगळी, पेहराव वेगळा आणि शहराच्या लेखी त्या परक्या.

मॅल्किएलने या संपावर १९१० मध्ये रोजनिशीच्या रूपात एक कादंबरी लिहिली. तिची नायिका स्थलांतरित नाही, अमेरिकेतच जन्मलेली आहे. सुरुवातीला ती या परदेशी मुलींकडे काहीशा तुच्छतेने पाहते, संपात गंमत म्हणून सामील होते आणि दिवसागणिक तिची दृष्टी बदलत जाते. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. ज्या वाचकाला स्थलांतरित मजूर स्त्री दिसतच नव्हती, त्या वाचकाच्याच डोळ्यांनी लेखिकेने गोष्ट सांगितली. कारखान्याच्या आतला अनुभव तिचा स्वतःचा होता, त्यामुळे तिला तपशिलासाठी कोणाकडे जावे लागले नाही.

संपाने अनेक कारखान्यांत तास आणि मजुरी सुधारली. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने मात्र संघटनेशी करार केला नाही. २५ मार्च १९११ रोजी त्या कारखान्याला आग लागली. दरवाजाला कुलूप होते. १४६ कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य तरुण स्थलांतरित स्त्रिया होत्या. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांतील सुरक्षिततेचे कायदे कडक केले. मुलींनी ज्या धोक्यांविषयी आधीच बोलून आणि लिहून ठेवले होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला एवढे बळी जावे लागले.

‘पण ऐकतं कोण?’

मुंबईत पुढचा टप्पा आला तो १९२० च्या दशकात. गिरणी कामगारांत तेव्हा साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. १९२७ मध्ये कामगार-शेतकरी पक्षाचे ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक निघाले आणि गिरणगावात समाजवादी पत्रकारितेने मूळ धरले. १९२८ चा सहा महिन्यांचा ऐतिहासिक संप त्यानंतरचा. त्या काळातील संपांत बायका धरणे धरण्यात आघाडीवर होत्या. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या चाळी-चाळींतून फिरत आणि बायकांना संघटनेत आणत.

१९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये हा कायदा झाला. देशातील अशा स्वरूपाचा हा पहिला प्रांतिक कायदा. त्याचा लाभ मिळण्यासाठी बाईचे नाव गिरणीच्या हजेरीपुस्तकात असणे आवश्यक होते आणि ते होतेही. संघटित उद्योगातील कामगार स्त्रीला कायदा पोहोचला तो या एका ओळीमुळे.

पुढे गिरण्यांनी बायकांची भरती कमी केली आणि ही संख्या झपाट्याने घटत गेली. ज्या बाहेर राहिल्या त्या दिसेनाशा झाल्या. एकट्याने राहणाऱ्या हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचेच पाहा. गिरणगाव त्यांच्या भाकरीवर चालत होते, पण त्या कोणत्याही रजिस्टरात कामगार नव्हत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि या बायकांना स्वतःच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. सावकाराच्या वहीतून सुटका होण्यासाठी बँकेच्या खातेवहीत नाव लागावे लागले.

उषाबाई डांगे यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘पण ऐकतं कोण?’. आयुष्यभर सभा गाजवलेल्या बाईने हे नाव निवडावे, यात बरेच काही आले. चळवळीच्या वृत्तपत्रांत कामगार स्त्री धैर्याची मूर्ती म्हणून येत असे. मजुरीच्या वाटाघाटीच्या मेजावर ती क्वचितच असे आणि संपादकाच्या खुर्चीवर तर नसेच.

दुष्काळ आणि हजेरीपट

आता पुन्हा मराठवाड्याकडे येऊ. नांदेडला निजामकाळात उस्मानशाही मिल उभी राहिली होती, लातूर तेल आणि डाळींची पेठ म्हणून नावारूपाला आले होते. तरी या भागातील बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला शेतमजुरीच आली. त्या मजुरीला वही नव्हती आणि सांजेला हातावर पडतील ते पैसे हाच हिशेब.

१९७२ च्या दुष्काळाने हे चित्र काही काळापुरते बदलले. खडी फोडण्याच्या, तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लाखो माणसे आली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. या अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कामांवर बाईचे नाव हजेरीपटावर स्वतंत्रपणे लागत होते. दरम्यान १९७६ चा समान वेतन कायदाही आला होता. हजेरीपटात घोळ होत, मजुरी उशिरा मिळे, पण भांडायला हातात कागद होता. दुष्काळाच्या काळात आणि नंतर निघालेल्या मोर्चांत ग्रामीण बायका मोठ्या संख्येने दिसू लागल्या, याचा या कागदाशी संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

त्याच दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. त्यांतील अनेक दलित स्त्रिया कचरा वेचू लागल्या. पोलिसांच्या लेखी त्या संशयित आणि महापालिकेच्या लेखी अस्तित्वहीन. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती ओळखपत्र. काही वर्षांतच महापालिकेने ते मान्य केले. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फोटो आणि नाव. पण त्यानंतर रस्त्यावर अडवणाऱ्याला दाखवायला काहीतरी झाले आणि पुढे आरोग्यविमा, सहकारी संस्था आणि घरोघरच्या कचरा संकलनाचे काम या वाटा त्यातूनच निघाल्या. मुंबईत ‘स्त्री मुक्ती संघटने’नेही कचरावेचक स्त्रियांचे संघटन केले. ‘प्रेरक ललकारी’ या तिच्या मासिकाची आणि पुढे १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ची नोंद येथे घ्यायला हवी. कष्टकरी बाईचे जगणे मध्यमवर्गीय वाचकाच्या घरात पोहोचवण्याचे काम अशा नियतकालिकांनी नेटाने केले.

ऊसतोड: कायद्याच्या फटीत

हा सगळा प्रवास ऊसतोड स्त्रीला मात्र वगळून झाला. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. कारखान्याला विचारले तर तोडणी मजूर कारखान्याचे नाहीत, ते मुकादमाचे आहेत असे उत्तर मिळते. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल दिली. मातृत्वाचा लाभ असो की अपघाताची भरपाई, मागायची तर आधी ही बाई कोणाची कामगार आहे हे कागदावर दिसावे लागते आणि कागद तर कोयत्याचा आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. मुखेडची जोडी कर्नाटकात गेली तर ती त्याच्या कक्षेत येऊ शकत होती, सांगली-कोल्हापुरात गेली तर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत विलीन झाला, पण आंतरराज्य स्थलांतरिताच्या व्याख्येतील ही हद्द कायम राहिली.

नोंद नसली की काय होते, ते २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे वृत्त ‘द हिंदू बिझनेसलाइन’ने एप्रिल २०१९ मध्ये दिले. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजार ८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहा स्त्रियांमागे एक. फडावर शौचालय नाही, पाण्याची सोय नाही, आजारपणाची रजा नाही आणि एका दिवसाचा खाडा पडला तर त्याचा दंड जोडीच्या हिशेबातून वळता होतो. अशा स्थितीत पाळी हाच खाडा ठरतो आणि शस्त्रक्रिया हा सुटकेचा मार्ग म्हणून विकला जातो. वर्षानुवर्षे चाललेला हा प्रकार गावात सर्वांना ठाऊक होता. तो बातमी झाला तेव्हा प्रश्न झाला. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘द फुलर प्रोजेक्ट’ यांनी याच विषयावर सविस्तर शोधवृत्त प्रसिद्ध केले. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात स्थलांतरित मुलींनी स्वतःची कहाणी स्वतः लिहिली, त्या शहरातून आमच्या बालेघाटी बायकांची कहाणी जगाला कळावी, हा योगायोग विचारात पाडणारा आहे.

या प्रश्नावर काम करणाऱ्यांच्या मागण्या पाहिल्या तर नोंदीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. ‘महिला किसान अधिकार मंच’, म्हणजे ‘मकाम’, आणि बीडच्या मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्या एक मागणी सातत्याने मांडत आल्या आहेत: ऊसतोड स्त्रीची कामगार म्हणून स्वतंत्र नोंदणी करा आणि तिला तिच्या नावाचे ओळखपत्र द्या. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला निधी मिळावा म्हणून गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून अंशदान घेण्याचे ठरवले. ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णयही झाला. दिशा योग्य आहे. पण नोंदणीच्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा रकाना असला की बाई पुन्हा कोयत्याच्या अर्ध्या भागात ढकलली जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा वाटाघाटीत संघटना होत्या, साखर संघ होता, नेते होते. वाढ जोडीला मिळाली. त्यातील तिचा वाटा किती, हा प्रश्न त्या वाटाघाटीच्या विषयपत्रिकेत नव्हता.

तिच्या हाती लेखणी

येथे शहरी वाचकाला एक आक्षेप सुचू शकतो. जी बाई पहाटे तीनला उठते तिने लिहावे कधी आणि लिहिता येत नसेल तर काय? हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची उत्तरे आपल्या आसपास सापडतात.

उत्तर प्रदेशातील चित्रकूट भागात २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ सुरू झाले. बुंदेलीत निघणारे हे वृत्तपत्र ग्रामीण, मुख्यतः दलित आणि वंचित समाजांतील स्त्रियांनी लिहिले, छापले आणि गावोगाव विकले. त्यांतील अनेकजणी नवसाक्षर होत्या. पुढे या वार्ताहरांनी हाती मोबाइल घेतला आणि त्यांच्या कामावरील माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला. दुसरे उदाहरण तर लातूरच्या उंबरठ्यावरचे आहे. उदगीरहून बिदर ओलांडले की तेलंगणातील झहिराबाद येते. एकेकाळी हा सारा निजामाच्या राज्याचाच मुलूख. तेथील माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संगम रेडिओ’ हे सामुदायिक केंद्र सुरू झाले. ते चालवण्यासाठी दलित शेतमजूर स्त्रिया पुढे आल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी बोलून नोंद केली. बियाणे, मजुरी, आजार आणि गाणी हे विषय त्यांच्याच भाषेत हवेत गेले.

लातूरलाही असा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम झाला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. सरकारी योजना लोकांना समजावणे आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. ज्या घरात बाईला विचारण्याची पद्धत नव्हती, त्या घराच्या पुनर्बांधणीची माहिती बाईच्या तोंडून आली आणि ती ग्राह्य धरली गेली.

हेच फडावर का होऊ नये? प्रत्येक टोळीतील एका स्त्रीकडे तोडीची, वजनाची, खाड्याची आणि आजाराची नोंद ठेवण्याचे काम सोपवता येईल. ज्या गावांतून स्थलांतर होते तेथील शिकलेल्या मुली स्थानिक वृत्तपत्रांच्या वार्ताहर होऊ शकतील. हंगामात त्या आपल्या आयांबरोबर फडावर असतातच. जिल्हा दैनिकांनी गाळपाचे आणि साखर उताऱ्याचे आकडे छापताना तोडणाऱ्या बायकांच्या प्रसूतीचे, अपघातांचे आणि उपचारांचे आकडेही मागावेत. लातूर आणि नांदेडच्या शहरी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. हा जिल्हा ऊस पिकवतो, हा जिल्हा ऊस तोडायला माणसेही पाठवतो आणि रोज सकाळच्या चहात दोन्हींची गाठ पडते.

१८९० च्या सभेतील दोघी बोलल्या आणि रविवार मिळाला. न्यूयॉर्कच्या मुलींनी लिहिले, तरी काही कुलपे उघडायला आग लागावी लागली. पुण्यातील कचरावेचक बायकांनी ओळखपत्र मिळवले आणि पुढच्या वाटा खुल्या झाल्या. शब्द आणि नोंद यांमुळे सर्व काही मिळते असे यातील एकही उदाहरण सांगत नाही. त्यांच्यावाचून मात्र कोठेही काही मिळालेले दिसत नाही. येत्या हंगामात मुकादमाच्या वहीत, ग्रामसेवकाच्या यादीत आणि कारखान्याच्या करारात एका कोयत्यामागे एका ओळीऐवजी दोन ओळी असाव्यात, दुसऱ्या ओळीत तिचे नाव असावे आणि त्यापुढे तिची मजुरी तिच्या खात्यावर जमा झाल्याची नोंद असावी. एवढी दुरुस्ती करायला नवा कायदाही लागत नाही.